जागा नव्हती, एवढंच

शनिवार दुपार. सोसायटीच्या लॉबीत कुणीतरी ख्रिसमस ट्री आणून ठेवलाय आणि आमची कन्या त्याच्यावरचे गोळे मोजून नुकतीच वर आली आहे. एकूण बावीस, त्यातला एक फुटका. डिसेंबर आला की मला दोन गोष्टी होतात. एक म्हणजे अप्रेझलचा फॉर्म भरायचा कंटाळा येतो. दुसरी म्हणजे एका काचेची आठवण येते. अप्रेझलबद्दल पुन्हा कधीतरी (पुरेसं धैर्य गोळा झालं की). आज काचेबद्दल.

आधीच सांगून टाकतो, मी ख्रिश्चन नाही. देव देव करणाराही नाही, गणपतीत आरतीला टाळ्या वाजवण्यापुरताच माझा भक्तिमार्ग. त्यामुळे खालचं प्रवचन नाही. एका जुन्या गोष्टीबद्दलचं माझं मत आहे, आणि ते मत कुठे बनलं त्याची हकीकत आहे.

तर झालं असं. डिसेंबर 2018. बाळाची तारीख होती फेब्रुवारीतली. सगळं 'ऑन ट्रॅक' होतं. आणि एका रविवारी रात्री काही कळायच्या आत आमची मुलगी एकतिसाव्या आठवड्यातच जगात आली. वजन 1340 ग्रॅम. माझा ऑफिसचा लॅपटॉप तिच्यापेक्षा जड होता. बायको एका मजल्यावर, मुलगी दुसऱ्या मजल्यावर एनआयसीयूत, आणि मी मधल्या जिन्यात. पुढचे कित्येक आठवडे माझा पत्ता तोच होता.

आपल्या धंद्यात प्रॉडक्शन कोसळलं की आधी ते उभं करायचं आणि मग आरसीए लिहायचा. रूट कॉज काय, कुणाचा बदल, कुठल्या तारखेचा. दहा-बारा वर्षं हेच केल्यावर डोकं दुसऱ्या कशाने चालतच नाही. मी जिन्यात बसून आरसीए सुरू केला. दिवाळीत कोकणात गेलो होतो, त्या रस्त्यांमुळे? तिच्या ऑफिसातल्या रात्रीच्या कॉल्समुळे? मी घरी उशिरा यायचो म्हणून? चक्क एक्सेलची शीट केली होती. डॉक्टरांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले की पुष्कळदा कारण सापडतच नाही. मला ते उत्तरच वाटेना. मी असं उत्तर क्लायंटला दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत बेंचवर बसलो असतो.

डॉक्टरांकडे कारण नव्हतं, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे होतं. कुणी म्हणे देव परीक्षा बघतोय. कुणी म्हणे गेल्या जन्मीचं काहीतरी. कुणी म्हणे होतं ते चांगल्यासाठीच होतं. सगळी आपली माणसं, सगळ्यांचा हेतू चांगला. पण काचेपलीकडे नाकात नळी घालून पडलेल्या सव्वा किलोच्या जिवाकडे बघत 'चांगल्यासाठी' हा शब्द ऐकून बघा एकदा. नको, बघू नका.

*

एनआयसीयूतल्या बऱ्याच सिस्टर केरळच्या होत्या. साधारण वीस तारखेला त्यांनी हात धुवायच्या बेसिनशेजारच्या टेबलावर देखावा मांडला. हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा गोठा, कापसाचा बर्फ (बेथलेहेममध्ये आणि केरळात बर्फ, असो!), सिरिंजच्या पांढऱ्या टोपणांची मेंढरं. आईने तो पाहिला आणि पटकन म्हणाली, "अरे, हा तर कृष्णजन्मच की!" खोटं नव्हतं ते. दुष्ट राजा, रात्रीचा पळ, बाळाला दुसऱ्या मुलखात नेणं. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारणच नाही. गोव्यात फादर स्टीफन्सनी ती मराठी ओव्यांत सांगितली आणि त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, म्हणजे चारशे वर्षं होऊन गेली.

चोवीस तारखेच्या रात्री बाकावर झोप येईना म्हणून मोबाइलवर मराठी बायबल उघडलं. जन्माची गोष्ट चारांपैकी दोनच शुभवर्तमानांत आहे, मत्तय आणि लूक. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं वाचन. आणि वाचताना लक्षात आलं की शाळेच्या नाटकात जे जे होतं त्यातलं निम्मं मूळ मजकुरात नाहीच! मरीया गाढवावर बसून आली असं नाही. तीन राजे नाहीत, पूर्वेकडचे मागी लोक आहेत आणि ते किती होते ते दिलेलं नाही. पंचवीस डिसेंबर नाही. गोठासुद्धा नाही, फक्त गव्हाणी आहे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे दार लावून घेणारा तो खडूस धर्मशाळावाला, जो आमच्या नाटकात मी स्वतः झालो होतो, तो अजिबातच नाही.

लूक एवढंच सांगतो की बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. पुढे केव्हातरी वाचलं की 'उतारशाळा' ज्या ग्रीक शब्दासाठी आलाय तो 'काताल्युमा', आणि लूक पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी तोच शब्द वापरतो. पैसे देऊन राहायच्या धर्मशाळेसाठी त्याच्याकडे वेगळा शब्द आहे, चांगल्या शोमरोनीच्या गोष्टीत तो वापरलाय. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ही पाहुण्यांची खोली असावी. त्या काळच्या साध्या घरात रात्री जनावरंही आतच बांधत. शिरगणतीमुळे घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा यांची सोय जनावरांच्या बाजूला. कुणी हाकललं नाही. कुणी दुष्टपणा केला नाही. जागा नव्हती, एवढंच.

त्या बाकावर हे 'एवढंच' मला लागलं. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या अडचणीचा आरसीए एका ओळीचा आहे आणि त्यात कुणाचंही नाव नाही! मरीयेने आधी काय चूक केली ते नाही. योसेफाची परीक्षा होती असंही नाही. देवदूत एवढे येतात-जातात, पण एकही जण या दोघांना समोर बसवून सांगत नाही की तुमचे हे हाल का आणि यातून काय चांगलं निघणार आहे. मी जे कारण पंधरा दिवस शोधत होतो ते शोधायचे कष्ट ही गोष्ट घेतच नाही.

हाल मात्र ती नीट नोंदवते. नासरेथ ते बेथलेहेम, वाटेप्रमाणे शंभर-दीडशे किलोमीटर. कशासाठी? तर रोममध्ये बसलेल्या औगुस्त कैसराला यादी हवी होती म्हणून. त्याच्या लेखी हे दोघं म्हणजे टेबलातली एक रो. मग बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात तेव्हा होले किंवा पारव्याची दोन पिल्लं वाहायचं म्हणतात. मोशेच्या नियमात बाळंतिणीने कोकरू वाहावं असं आहे, आणि ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पक्षी वाहिले तरी चालतात. लूक 'ते गरीब होते' असं कुठे लिहीत नाही. पावती दाखवतो फक्त.

(इथे कुणीतरी म्हणेल की इतिहासाचं काय? बरोबर आहे. हेरोद मेला इ. स. पूर्व 4 च्या सुमारास, आणि इतिहासकारांना माहीत असलेली क्विरीनियाची शिरगणती इ. स. 6 मधली. हिशोब जुळत नाही. मी ही गोष्ट लॉग फाइल म्हणून वाचत नाहीये. दोन हजार वर्षं लोकांनी अडचणीच्या वेळी ती का जवळ धरली, ते शोधतोय.)

*

आता माझं मत. त्या रात्री बेथलेहेममध्ये काहीही सुटलं नाही. तारणारा आला म्हणे, पण आला तो तान्हं बाळ होऊन, ज्याला स्वतःची मानसुद्धा धरता येत नाही. सकाळ झाली तेव्हा कैसर रोममध्येच होता, हेरोद गादीवरच होता आणि मेंढपाळ आपल्या मेंढरांकडे परत गेले होते. मत्तय त्या बाळाला एक नाव लावतो, इम्मानुएल. अर्थ, आमच्यासोबत देव. 'संकट घालवणारा' नाही, 'संकटाचं कारण सांगणारा'ही नाही. सोबत असलेला.

मला वाटतं या गोष्टीचा सगळा जीव त्या 'सोबत'मध्ये आहे. दुःखाला अर्थ असतो का, या प्रश्नाचं उत्तर आपण कारणात शोधतो. ही गोष्ट ते सोबतीत शोधते.

हे बाकावर बसून तत्त्वज्ञान म्हणून सुचलं असतं तर सकाळी विसरलो असतो. पण काचेपलीकडे ते डोळ्यांनी दिसत होतं. इतक्या लवकर आलेली बाळं कधीकधी श्वास घ्यायला विसरतात. मेंदूतला तो भाग अजून पक्का झालेला नसतो. त्यावर औषध देतात ते कॅफीनचं, खरंच! (त्या पंधरवड्यात एवढ्या एकाच गोष्टीला मी हसलो. बापाच्या वळणावर गेली पोरगी.) तरीही रात्रीतून दोन-चारदा मॉनिटर किंचाळायचा. सिस्टर धावायच्या नाहीत. जवळच असायच्या. हात आत घालून तळपायाला हलकेच टिचकी मारायच्या, आणि पोरीला आठवायचं की अरे, श्वास घ्यायचाय. बस्स. श्वास का थांबला याची चर्चा नाही. टिचकी मारायला कुणीतरी तिथे असणं, हाच सगळा उपचार.

एकदा मी एका सिस्टरना विचारलं की घरी कधी नेता येईल. मी मनात तारीख धरली होती, एकतीस डिसेंबर. नवीन वर्ष घरी. त्या म्हणाल्या, "डेट मत रखो सर." मला राग आला होता. डेट नसेल तर प्रोजेक्ट कसा चालणार?

पुढे काही महिन्यांनी व्हिक्टर फ्रांकलचं पुस्तक वाचलं आणि त्या सिस्टर आठवल्या. फ्रांकल नाझींच्या छळछावण्यांत राहून आलेला व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ. छावणीच्या मुख्य डॉक्टरांचं निरीक्षण तो नोंदवतो. 1944 चा ख्रिसमस ते 1945 चं नवीन वर्ष या आठवड्यात छावणीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माणसं मेली. काम वाढलं नव्हतं, अन्न आणखी कमी झालं नव्हतं, नवीन साथही नव्हती. पुष्कळांनी फक्त मनाशी धरलं होतं की ख्रिसमसपर्यंत घरी जाऊ. ख्रिसमस आला आणि गेला. तारखेवर टांगलेली आशा तारखेबरोबर तुटली आणि तिच्याबरोबर शरीरही.

ख्रिसमसचाच सण, आणि त्याचा इतका उलटा अर्थ! 'अमुक तारखेला सगळं ठीक होईल' ही ख्रिसमसची गोष्टच नव्हे. त्या गोष्टीत तारीख उलटून गेल्यावरही हेरोद आहेच.

*

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटला तो योसेफ. चारही शुभवर्तमानांत त्याला एकही वाक्य नाही. खरंच एकही नाही! त्याला स्वप्न पडतं आणि तो उठतो. मरीयेला घरी आणतो. पुन्हा स्वप्न पडतं, हा उठतो, रातोरात बायको-मूल घेऊन मिसर देशाची वाट धरतो. हेरोद मेल्यावर पुन्हा उठतो आणि परत येतो. यहूदीयात त्याचाच मुलगा राज्यावर बसलाय म्हटल्यावर गालीलाकडे वळतो आणि नासरेथात राहतो. तक्रार नाही, भाषण नाही. आणि हेही बघा, अर्थ शोधणं म्हणजे सोसत बसणं असं तो कधी मानत नाही. हेरोदासमोर तो मान तुकवत नाही, पळून जातो. जिथे अडचणीला चेहरा आहे तिथे पळावं, लढावं, जे करता येईल ते करावं. 'यातही काही अर्थ असेल' असं म्हणून गप्प बसणं ही योसेफाची रीत नाही.

सत्तावीस तारखेला मला काम मिळालं. डॉक्टर म्हणाले, आता कांगारू केअर सुरू करू. आई अजून धड बसू शकत नव्हती. म्हणून शर्टाची बटणं काढून मी खुर्चीत बसलो, आणि सिस्टरनी नळ्या सांभाळत ती मूठभर पोरगी माझ्या छातीवर ठेवली. वरून पांघरूण. तीन तास हलायचं नाही.

या पद्धतीची गोष्ट मला नंतर कळली. कोलंबियात बोगोता शहरातल्या एका मोठ्या सरकारी प्रसूती रुग्णालयात 1978 साली ती सुरू झाली. कमी वजनाची बाळं फार, इन्क्युबेटर कमी, एकेका पेटीत दोन-तीन बाळं. म्हणजे परत तेच, जागा नव्हती. एडगर रे सानाब्रिया नावाच्या डॉक्टरने ठरवलं की बाळाला आईच्या उघड्या छातीवर बांधू, उबेचं काम आईच करेल. निरुपायाने सुरू झालेलं हे काम आज जगभर उपचार म्हणून मान्य आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह पाच देशांतली, एक ते पावणेदोन किलोंच्या आसपासची बाळं होती. ज्यांना जन्मानंतर लगेच असं छातीशी धरलं त्यांच्यात पहिल्या 28 दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण 12 टक्के निघालं, आणि ज्यांना स्थिर झाल्यावर मगच धरलं त्यांच्यात 15.7 टक्के. तेव्हा सोबत म्हणजे नुसती भावना, असं कुणी म्हणालं तर मी हे आकडे पुढे करतो.

त्या तीन तासांत मी आरसीए केला नाही. पहिल्यांदाच.

*

इथे थांबलो तर ही गोष्ट गोड होईल. पण खोटी होईल.

शेजारच्या पेटीत एक मुलगा होता, आमच्या मुलीपेक्षाही लवकर आलेला. त्याचे आईवडील मराठवाड्यातून आले होते. वडील माझ्याच वयाचे, मला दादा म्हणायचे. रात्री दोन वाजता टपरीवरून दोघांसाठी चहा आणायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. एकोणतीस तारखेला सकाळी गेलो तर ती पेटी रिकामी होती, चादर बदललेली. ते जिन्यात उभे होते. माझ्याच जिन्यात. आणि मी, जो वीस दिवस अशा वाक्यांवर चिडत होतो, त्या माणसाला म्हणालो, "देवाची इच्छा."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही. एनआयसीयूच्या दारात ती 'डेट मत रखो'वाली सिस्टर त्या आईशेजारी जमिनीवर बसली होती, तिचा हात हातात घेऊन. काही बोलत नव्हती. दोघींना एकमेकींची भाषाही धड येत नव्हती.

मत्तयाच्या गोष्टीत हेही आहे, देखाव्यात मात्र आपण ते मांडत नाही. हेरोद बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारायला लावतो. योसेफाला स्वप्न पडलं, बाकीच्या बापांना पडलं नाही. का नाही? मत्तय उत्तर देत नाही. तो फक्त जुन्या संदेष्ट्याची राहेल आठवतो, जी मुलांसाठी रडतेय आणि जिला सांत्वन नकोच आहे. 'होतं ते चांगल्यासाठी' असं म्हणून तो तिला गप्प करत नाही. तिला रडू देतो. माझ्या मते त्या दोन अध्यायांतला सर्वांत प्रामाणिक भाग तो आहे. आमची मुलगी जानेवारीच्या शेवटी घरी आली. त्यांचा मुलगा आला नाही. 'देवाने आमचं ऐकलं' असं मी कधीही म्हणत नाही, कारण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला त्या जिन्यात ऐकू येतो.

दीट्रिख बोनहोफर नावाचा जर्मन पाद्री 1943 च्या डिसेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होता, हिटलरच्या विरोधात गेला म्हणून. तिथून त्याने आईवडिलांना लिहिलं, त्याचा आशय असा की जागा न मिळालेल्या बाळाची गोष्ट कैद्याला इतरांपेक्षा जास्त कळते, म्हणून काळजी करू नका. त्याची सुटका झाली नाही. 9 एप्रिल 1945 ला, युद्ध संपायला महिना असताना, त्याला फाशी दिलं. म्हणजे अर्थ सापडला की डिस्चार्ज मिळतो असं नाही. अर्थ सापडला की माणूस आत एकटा उरत नाही, एवढंच.

*

हे सगळं शनिवारी दुपारी का लिहितोय? कारण आपल्या वयाच्या प्रत्येकाच्या आसपास आता कुणी ना कुणी जिन्यात बसलेलं आहे. कुणाची नोकरी गेलीय, कुणाचे वडील आयसीयूत आहेत, कुणाचं घर मोडतंय. आणि आपण हुशार लोक, आपल्याला लगेच कारण सुचतं, धडा सुचतो, फॉरवर्ड सुचतो. माझं म्हणणं एवढंच की ते खिशात ठेवा. दुःखाचा अर्थ ज्याचा त्याला सापडला तर सापडेल, तो बाहेरून बसवता येत नाही. चहा मात्र बाहेरून नेता येतो. रात्री दोनला तो घेऊन जिन्यात शेजारी बसता येतं. हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी तेच देऊ शकलो नाही, म्हणून निदान इथे लिहून ठेवतोय.

खालून आलेल्या बाईसाहेबांचा आत्ताच प्रश्न आला, "बाबा, झाडाखाली बाळ का नाही ठेवलं?" म्हटलं, लॉबीत जागा नसेल. तर म्हणे, आपल्याकडे आहे ना! आता बुटांचं खोकं मिळालंय, कापूस शोधायचाय. सिरिंजची टोपणं काही मिळणार नाहीत, शेंगदाण्यांची मेंढरं करू.

चला. भेटू पुढच्या शनिवारी.